एका बाजूचं रेकॉर्डिंग

...आणि वर मलाच म्हणतात, "एकदम सोपं आहे!" अहो, सोपं आहे तर तुम्ही करा ना! तुम्हाला सांगतो, जो जो मला "एकदम सोपं आहे" म्हणाला, त्या प्रत्येकाने माझा घात केलाय. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने मशीनवर लिनक्स नावाची भलतीच सिस्टिम घालून दिली, तेव्हाही हेच. "काका, व्हायरस नाही, कटकट नाही, एकदम सोपं आहे." व्हायरस नाही हे खरंय हो... त्यालासुद्धा आत शिरायचा रस्ता सापडत नसेल!

तर झालं काय, आमची ताई. थोरली बहीण. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आता निवृत्तीनंतर एका इंटरनेट रेडिओवर तिची मुलाखत ठरली. थेट! एकदाच लागणार, आणि ते लोक काही साठवून ठेवत नाहीत म्हणे. ताईचा फोन. "अरे, मी तिकडे बोलत असणार, मग मी कशी बोलले ते मला कसं कळणार? जन्मभर दुसऱ्यांचेच आवाज ऐकले रे. माझा तेवढा धरून ठेव." आता ताई कधी काही मागते का? मी छाती फुगवून म्हणालो, "ताई, एकदम सोपं आहे!" हो, मीच म्हणालो... जीभ कशी झडली नाही माझी!

मग बसलो. इंटरनेटवर विचारलं, वाजतंय ते रेकॉर्ड कसं करायचं? तर सतरा विद्वान आणि सतरांची आपसात भांडणं! एक म्हणतो हा प्रोग्राम घ्या, दुसरा म्हणतो तो कोण वापरतं हल्ली, तिसरा म्हणतो काळी खिडकी उघडा आणि ही ओळ टाइप करा. केली. मशीन म्हणतं, असलं काही नाही इथे. नाही म्हणजे? मग हे घाल, ते काढ... बायको दारातून बघतेय. "फोन धरा की स्पीकरसमोर." म्हटलं, तू गप्प बस, हे तांत्रिक काम आहे!

आणि जमलं हो! लाल बटण दाबलं, मशीनवरच तो इंटरनेट रेडिओ लावला, परत ऐकलं... बातम्या! जरा विहिरीतून आल्यासारख्या, पण बातम्याच. मी घरभर नाचलो.

मुलाखतीच्या दिवशी घरात मिक्सर, शेजाऱ्याकडे ड्रिल. म्हटलं, ताईच्या आवाजात मिक्सर नको. म्हणून काय शहाणपणा केला? स्पीकर बंद, हेडफोन कानात! आणि ताई बोलली... काय बोलली हो! मी भान हरपून ऐकलं.

संपल्यावर रेकॉर्डिंग लावलं. मिक्सर! ड्रिल! मधूनमधून मी! ताई औषधालाही नाही!

दुरुस्तीवाल्याला फोन. "काका, तुम्ही माइक निवडलात. परवा स्पीकर वाजला, तो माइकने ऐकला. आज आवाज तुमच्या कानात, मग माइक काय ऐकणार? घरच ऐकणार! कॉम्प्युटरच्या आतला आवाज निवडायचा, एकदम..." ठेवला फोन.

संध्याकाळी ताई हजर. "लाव." मी म्हटलं, "ताई, यात तू नाहीसच गं." रडकुंडीला आलो होतो. ती म्हणाली, "लाव तर. एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलंय माझं, एका बाजूचं ऐकलं की दुसरी कळते." आणि बसली डोळे मिटून. रेकॉर्डिंगमध्ये मी खिदळतोय. "हं, तेव्हा मी सायकलचं सांगत होते." मी ओरडतोय, "खोटं! तूच ढकललं होतंस!" "बरोबर, तेच." मग नुसतं ड्रिल... मग माझं नाक ओढणं. बराच वेळ. मग ताई हळूच म्हणाली, "आई गेली तो दिवस. दवाखान्यातून घरी आलेला फोन मीच जोडून दिला होता." तिथेच पुन्हा नाक ओढलं.

संपल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "छान बोलले रे मी!"

आता म्हणते, माझ्या सगळ्या मैत्रिणींना पाठव. अहो, काय पाठवू? माझं नाक? बायको म्हणते, "पाठवा की, एकदम सोपं आहे!" पाठवलं. आणि तुम्हाला सांगतो... ते मेलं पहिल्या फटक्यात गेलं!