साडीगार्ड

मारेगावच्या बसस्टँडवर माझ्या बाजूच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"भीमसिंगभाऊ, जुनी फटफटी इकली म्हणे? हंसावहिनीचा पदर जिच्या चाकात गेलता, तीच?"

"तीच. इंजन खोललं, रंग मारला, नवीन करून देल्ली. पण घेणारा पोरगा सारखा फोन करून राह्यला."

"काहून?"

"एकटाच चालवते, तरी मागच्या चाकात पातळाचे दोरे निघतेत म्हणते."

"हिरवे?"

"हिरवे."

"मंग?"

"मंग साडीगार्ड बसवून देल्ला. दोरे बंद झाले."

"मिटलं ना मंग!"

"आता मागचं पायदान रोज सकाळी उघडं दिसते त्याले. गाडी वापस आणून राह्यला आज."

"तू काय म्हणला?"

"म्हणलो, हळू आण बाबू. तिले भेव लागते."