दुधाचं झाड

— नाही नाही, शहनाझ मॅडम, देवळाचं मॉडेल राहून नाही गेलं, तिनं मुद्दामच केलं नाही. मी म्हटलं ना तिला — वैभवी, अ‍ॅझ्टेक लोक म्हटलं की पायऱ्यांचं देऊळ पाहिजे, पुजारी पाहिजेत, सूर्याला रक्त वाहायचे ते — सगळ्या वर्गानं तेच केलंय, लाल रंग संपवलाय नुसता — तर मला म्हणे, "बाबा, दॅट्स नॉट ऑल दे बिलीव्ह्ड." नऊ वर्षांची पोर! पुस्तकात तिला हे दुधाचं झाड सापडलं. मीही वाचलं मग. मेल्यावर माणूस कुठं जाणार, हे त्यांच्यात तो कसा जगला यावर नव्हतं हो — कसा मेला यावर. बुडाला तर पावसाच्या देवाकडे. बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे लढाईत पडलेली — ती दुपारपासून मावळेपर्यंत सूर्याला सोबत करणार. आणि तान्ही बाळं, मक्याचा दाणासुद्धा न चाखलेली, ती या झाडाखाली. वरून दूध ठिबकतंय, ही तोंड उघडून पडलीयत, परत जन्म मिळेपर्यंत. हे कापसाचे थेंब एकटीनं चिकटवले तिनं. सुचित्राला, आईला, हात लावू दिला नाही.

हां, ते नाव. तुम्ही फोनवर विचारलंत, त्या एका बाळाखाली 'सिद्धांत' लिहिलंय, तो कोण — त्यासाठीच आलोय. फोनवर सांगवेना. तिचा भाऊ तो. दोन वर्षं झाली. एकोणीस दिवस होता, सगळे काचेच्या पेटीत. बारसं कुठलं करणार? नावच ठेवलं नव्हतं आम्ही, मॅडम. आम्हीसुद्धा ते परवा वाचलं, या थर्मोकोलवर. म्हटलं, हा इथं कसा गं? तर म्हणाली, "ही नेव्हर एट एनिथिंग, बाबा. सो ही इज अलाउड." खरंय की — उष्टावण कुठं झालं होतं त्याचं...

आणि दूध — तो गेल्यावर सुचित्राला तीन आठवडे येत होतं. बेसिनमध्ये पिळायची, नळ सोडून, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. आम्हाला वाटायचं पोरगी टीव्ही बघतेय. ती दारात उभी असायची. आम्हाला म्हणजे — सुचित्राला. मी रुवैसला होतो, नोकरीवर, रिफायनरीत दुरुस्तीचं शटडाऊन चाललेलं. इथलं अजमानचं घर चार तासांवर. सकाळी हिचा फोन आला, तो गेला म्हणून, आणि मी म्हटलं, सुट्टी देत नाहीयेत. मुनीरनं नेलं त्याला — खालच्या मजल्यावरचा, तुमच्या रत्नागिरीचाच. मांडीवर घेऊन गाडीत बसला. आमच्यातही तान्ह्याला पुरतातच, तर माती त्यानं दिली. मला म्हणाला, भाऊ, तुमच्यात काय म्हणतात ते मला येत नाही, मी आपली आमची दुवा मागितली. परका माणूस — नाही, परका तो नाही, परका मी. पुरलं त्या जागेचा नंबर पाठवलाय त्यानं, फोनमध्ये आहे. अजून गेलो नाही. माझ्या हातात दिलं असतं ना त्याला — वजन ते काय, एक किलो दोनशे — त्यालाच भ्यालो. सुट्टी देत नव्हते असं नाही, मॅडम. मी मागितलीच नव्हती.

काय? ... नाही, सुचित्राला माहीत नाही. दोन वर्षं ती कंपनीला शिव्याशाप देतेय, माझ्यासमोर. मी मान हलवतो.

आज सांगणार आहे. काल साहेबांना एवढंच म्हटलं, मुलाचं काम आहे, दोन दिवस द्या — "यल्ला, जा," म्हणाले. एका मिनिटात. मुलाचं म्हटलं मी, मुलीचं नाही. तोंडातून तेच आलं.

झाड तसंच राहू दे. लाल रंग नको त्याला. नाव खोडायचं असेल तर — नको? ... बरं.

बेल झाली, मॅडम. जा तुम्ही, वर्ग थांबलाय. मला काही झालेलं नाही हो — जा. मी बसतो इथं जरा.