म्हशीचा पंचनामा

मंडळी, एक विचारतो. गेलेल्या माणसाचं लवकर उरकणं हे पुण्य — की तो कशानं गेला, हे आधी पाहणं? मनातल्या मनात उत्तर द्या. पुढं बदलावं लागलं, तर कुणाला कळणार नाही!

तर ऐका. कापसाचा मुलूख. जिनिंगच्या कारखान्यात भिकन कामाला. मशीनच्या पट्ट्यात सदऱ्याची बाही अडकली — गेला! सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर त्याची बायको द्वारका बसलेली.

मालक आले. हात जोडलेले, डोळे ओले! "बेसावध होता बिचारा. वहिनी, दिवस मावळायच्या आत घेऊन जा. चिरफाड कशाला? भटजी कारखान्यात बसलेत. जागा धुऊन शांत करून घेतो."

ओट्याशी जमलेले पाहुणे म्हणाले, "देवमाणूस! झालं ते झालं, उरकून घ्या."

दीर दगडू म्हणाला, "वहिनी, उठा. मेल्या जिवाचे हाल नकोत."

द्वारकालाही तेच हवं होतं, बरं का! नवऱ्याच्या अंगाला सुरी लागावी, असं कुणाला वाटेल? उठलीसुद्धा. पण "जागा धुऊन" हे शब्द मनात अडकले.

"भावजी, आपली म्हैस विजेच्या तारेला चिकटून मेली, तेव्हा तुम्ही काय केलं?"

"आता म्हशीचं काय?"

"काठी घेऊन राखण केली ना? डॉक्टर येईतो, पंचनामा होईतो कुणाला हात लावू दिला नाही. मग तुमचा भाऊ म्हशीहून हलका का?"

मालकांचे डोळे एकदम कोरडे!

"डॉक्टरांना तपासू द्या," द्वारका म्हणाली. "भावजी, तुम्ही ठाण्यात तक्रार द्या. मी कारखान्यावर जाते." दगडू ठाण्याकडं धावला.

तिथं बादल्या भरलेल्या! द्वारका दारात आडवी. "महाराज, पूजा उद्या करा. आज पोलिसांना बघू द्या."

भटजी शहाणे! आसन गुंडाळत म्हणाले, "उद्याचाच मुहूर्त चांगला आहे, बाई."

पोलिसांना काय दिसलं? पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढून कोपऱ्यात टाकलेली! धुता धुता ती जागेवर बसली असती — कुणाला कळलं असतं? पंचनाम्यात आलं, मालकांवर खटला उभा राहिला. तक्रारीची नक्कल फुकट मिळते. द्वारकानं मागून घेतली. भरपाईचा दावा कामगार न्यायालयात वेगळा लावला. खटला संपायची वाट पाहिली नाही.

खटला अजून चालूच आहे. भिकन परत येणार नाही — खोटं कशाला सांगू? पण "बेसावध होता" असं आता कुणी म्हणत नाही.

आता तुमच्याकडे येतो. ओट्यावरचे ते पाहुणे कोण होते हो? "झालं ते झालं, उरकून घ्या" म्हणणारे? इकडंतिकडं बघू नका! हरिनाम घ्यायचंच आहे — पण टाळी वाजवायला हात मोकळे हवेत. आधी ती बादली खाली ठेवा!