लग्नाच्या शॉटला भोंगा वाजला नव्हता

माझं खरं नाव हवालदारांनी वर लिहून घेतलं आहे. सेटवर मला सगळे ड्रेसमावशी म्हणतात. वय त्रेपन्न, धंदा सिनेमातल्या बायकांना कपडे चढवणे व उतरवणे, राहणार स्टुडिओच्या मागची गल्ली, इस्त्रीवाल्याच्या वरची खोली. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

मी दोन महिन्यांपासून सदर सिनेमावर कामाला आहे. सिनेमा जुन्या काळातला आहे. लढाई चालू असते, दोन सरदार घराण्यांना एकमेकांचं सैन्य हवं असतं, म्हणून एकाची मुलगी दुसऱ्याच्या मुलाला देऊन टाकतात. मुलीला कुणी विचारत नाही. नवरा-नवरी एकमेकांना पहिल्यांदा लग्नातच बघतात, मग पुढे प्रेम वगैरे जमतं. हा सिनेमा बायकांचं दुःख मांडणारा आहे, असं डायरेक्टर येईल त्याला सांगत. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. मला त्या डोळ्यांचा कधीच भरवसा वाटला नाही. हे माझं मत झालं, लिहू नका. लिहिलंत? मग राहू द्या.

नवरीचं काम करणारी मुलगी वीस वर्षांची आहे आणि तिचा हा पहिलाच सिनेमा. तिला घेतलं ते गळ्यासाठी. शेवटचं गाणं ती स्वतः गाणार होती, रोज कपडे घालताना माझ्याजवळ गुणगुणायची. डायरेक्टरने तिला हिरोला भेटू दिलं नव्हतं. दोघांची जेवायची वेळसुद्धा वेगळी. पहिली नजर खरी हवी म्हणे. इथपर्यंत मी म्हटलं, चला, मोठ्या माणसांची थेरं.

धमाक्याच्या शॉटची आमच्याकडे एक पद्धत आहे. दाराशी भोंगा आहे, तो तीनदा वाजतो. त्याचं बटण मुख्य असिस्टंटबाईंकडे असतं. भोंगा झाला की सगळे कानात कापूस घालतात, आणि मग असिस्टंटबाई वॉकीवर धमाकेकाकांना सांगतात, द्या. धमाकेकाका म्हणजे दारूगोळ्याचं काम करणारे, जे आत्ता तुमच्या बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसले आहेत. ते भिंतीपलीकडे जनरेटरजवळ असतात. त्यांना आतलं काही दिसत नाही आणि जनरेटरपुढे कानाला लावलेल्या वॉकीशिवाय काही ऐकूही येत नाही.

काल सकाळी लग्नाचा शॉट होता. आदल्या दिवशी तोफांचं काम झालं होतं, त्यामुळे मुलीने सावधगिरी म्हणून आधीच कापूस घातला होता. डायरेक्टर तिच्याजवळ आले. म्हणाले, "अगं बाळा, आज नुसतं लग्न आहे, तोफा उद्या. आणि हा कापूस कॅमेऱ्यात दिसतो." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने, अगदी लाडाने, तिच्या दोन्ही कानांतले बोळे काढले. मी तिची ओढणी धरून बाजूला उभी होते, हातभर अंतरावर. ते वळून कॅमेऱ्यामागे गेले आणि तेच बोळे त्यांनी आपल्या कानात घातले. हे मी पाहिलं. लख्ख उजेडात पाहिलं. मला वाटलं, विसरभोळा माणूस आहे. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

त्यानंतर मी दाराशी असिस्टंटबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वॉकीवर धमाकेकाकांनी विचारलं, "भोंगा झाला का हो ताई?" असिस्टंटबाई म्हणाल्या, "झाला, द्या." त्यांचा हात बटणावर नव्हता, कमरेवर होता. मी तोंड उघडेपर्यंत धमाका झाला आणि मुलीच्या बाजूची खिडकी फुटून आत आली.

धूर झाला. मुलगी किंचाळली आणि खाली बसली. डावा कान तिने हाताने दाबला होता आणि बोटांमधून रक्त ड्रेसच्या गळ्यावर येत होतं. कॅमेरा चालूच होता. पुरता मिनिटभर कुणी कट म्हणालं नाही, आणि म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कात्री घेऊन धावले, कारण तो ड्रेस पाठीवर शिवून बसवलेला असतो आणि तिला श्वास घेता येत नव्हता. डायरेक्टर म्हणाले, "मावशी, ड्रेस कापू नका. आणि गळ्यावरचं ते रक्त राहू द्या, दुसऱ्या अँगलला लागेल." मी ड्रेस वरपासून खालपर्यंत कापला. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बोलले ते कबूल आहे.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले. डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला, उजव्याचं आत्ताच काही सांगता येत नाही. मुलगी ओरडून बोलत होती, तिचा आवाज तिलाच कळत नव्हता. मला विचारत होती, "मावशी, शॉट बरा झाला का?" तेवढ्यात डायरेक्टर फुलं घेऊन आले. तिच्या आईसमोर म्हणाले, "अशी किंकाळी शिकवून येत नाही. सोनं आहे सोनं. जाहिरातीत सुरुवातीलाच टाकतो." ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली, हसली आणि म्हणाली, "थँक्यू सर." मला शिसारी आली. मी बाहेर जाऊन बेसिनवर तोंड धुतलं, तरी गेली नाही.

आज सकाळी प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या खोलीवर आले होते. म्हणाले, "मावशी, भोंगा वाजला होता एवढंच म्हणा. मुलीने लक्ष दिलं नाही, धमाकेवाल्या म्हाताऱ्याने दारू जास्त भरली, विषय संपला. पुढच्या सिनेमाचं काम तुमचंच." म्हणजे स्वतः हात झटकायचे आणि सगळं त्या गरीब माणसाच्या गळ्यात घालायचं. मी त्यांना जिना दाखवला. भोंगा वाजला नव्हता. एकदाही नाही. ज्यांनी वाजला म्हणून लिहून दिलं आहे त्यांना माझ्यासमोर आणा, आणि माझ्याकडे बघून म्हणायला सांगा.

माझा जबाब मला वाचून दाखवला. एका जागी 'अपघात' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं, बाकी मी बोलले तसंच आहे. सही करते. उद्या हॉस्पिटलात त्या मुलीचा जबाब घ्याल, तेव्हा शेवटी सवयीने वाचून दाखवला असं लिहू नका. कागद तिच्या हातात द्या, ती वाचेल.