देवकन्येनं तलावाकडं पाहिलं

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. संकल्प मोठा कशानं होतो?

आता शाळा उघडतील. घरोघरी नवी दप्तरं, वह्यांना कव्हरं, आणि पोराला समोर बसवून बापाचा सवाल — यंदा किती टक्के? बापानं स्वतः जानेवारीत चालायला जायचे बूट आणले, ते अजून खोक्यातच आहेत! हसू नका. आमचे पेटीवाले भगवंतराव दर चातुर्मासात चहा सोडतात. कितव्यांदा सोडला ते त्यांनाही सांगता येत नाही. पाहा, पाहा, कप मागं सरकवला!

असो. ध्येय आणि ध्यान — एकाच घरातली भावंडं आहेत ही. ज्याच्यावर मन लावून बसावं, ते ध्येय. मग ते केवढं असावं? ऐका.

तिकडं भंडाऱ्याकडं गावोगाव तलाव आहेत. अशाच एका गावात देवकन्या मेश्राम नावाची बारा वर्षांची मुलगी राहायची. घर धिवरांचं, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारं. बाप ताराचंद डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासे धरायचा. आई सायत्रा तलावात शिंगाड्याचे वेल लावायची.

जून सरता सरता शाळा उघडली. सातवीच्या वर्गावर नव्या बाई आल्या होत्या, रामटेके मॅडम. उत्साही बाई! पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, या वर्षी मला काय करायचं आहे ते एका ओळीत लिहा. मुलांनी लिहिलं. कुणाला पहिला नंबर हवा होता, कुणाला कबड्डीच्या संघात जायचं होतं, एकाला तर थेट कलेक्टरच व्हायचं होतं, तेही याच वर्षी!

देवकन्येनं लिहिलं — मला तलावाकडं बघायचं आहे.

मॅडमनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि वर्ग हसला. हसणारच ना! शाळेच्या खिडकीतून तलाव दिसतो. म्हशीसुद्धा दिवसभर त्याच्याकडंच बघत बसतात. मॅडमना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्यांनी जरा चढ्या आवाजात नवी चिठ्ठी पुढं केली. देवकन्येनं ती घेतली नाही.

"चुकलं नाही, मॅडम," ती म्हणाली. "मले तेच करायचं आहे."

मॅडम संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. सायत्रा अंगणात जाळं विणत होती. तिनं आधी पाणी दिलं, मग सांगितलं. "हिच्या बापाले मागच्या श्रावणात तलावानं नेलं. वादळ आलं, डोंगा उलटला. तेव्हापासून पोरगी पाण्याकडे पाहतच नाही, शाळेलेही पाळीवरून जात नाही."

मग मॅडमच्या ध्यानात आलं. म्हणूनच ही मुलगी तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, सरळ वाट सोडून शेतांमधून लांबचा फेरा घालून शाळेत येते. वर्गात भिंतीकडच्या बाकावर बसते. जो तलाव सगळ्यांना फुकट दिसतो, तो पाहायला हिला वर्षभराची मुदत लागणार होती. मंडळी, मॅडमना आपल्या चढ्या आवाजाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत दोघी ठरवायला बसल्या. एकदम तलाव नको, मॅडम म्हणाल्या. खिडकीजवळच्या बाकावर बसायचं, आणि आषाढभर नुसतं खिडकीबाहेरचं चिंचेचं झाड बघायचं. पुढं पाळ. पुढं पलीकडचा काठ. पाणी सगळ्यांत शेवटी.

देवकन्या खिडकीशी बसू लागली. मान वर केली की चिंच. पानं किती बारीक, आणि वारा आला की सगळी एकदम कशी हलतात! ती झाड बघत राही आणि पानांच्या फटींतून काहीतरी चकाकून जाई. ती डोळे मिटून घेई. मिटल्या डोळ्यांतही ते चकाकत राही, जसं उन्हातून घरात आल्यावर अंधारात ऊन तरंगतं. कधी वाटे, बाबा तिथंच कुठंतरी डोंगा वल्हवतोय, आणि पाणी त्याला हळूहळू झुलवतंय. घाबरायला व्हायचं. पण आता त्या घाबरण्यात थोडी गोडीही शिरली होती.

आणि मग श्रावण आला. एका दुपारी आभाळ गडगडलं आणि देवकन्या दप्तर उचलून पुन्हा भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली, खिडकीकडं पाठ करून. आठ दिवस तशीच. आता तुम्ही-आम्ही असतो तर काय म्हटलं असतं? झाला का तुझा संकल्प! मॅडम तसं काही बोलल्या नाहीत. खिडकीजवळची जागा त्यांनी कुणाला दिली नाही, एवढंच. नवव्या दिवशी ती आपणहून परत येऊन बसली.

भाद्रपदात तिनं पाळ पाहिली. दिवाळीच्या सुटीनंतर पलीकडचा काठ, धुक्यात अर्धा बुडालेला, जणू कुणी स्वप्नात काढून अर्धवट सोडलेला. दूर देशाची बदकं उतरली होती. कमळाच्या पानांवरून एक लांब बोटांचा पक्षी चालत होता, पाण्यावरून चालावं तसा. त्याच्या मागं मागं तिची नजर गेली, आणि पानं संपली तिथं पाणी होतं. ती बघत राहिली. वर्गात भूमितीचा तास चालू होता. मॅडमनी फळ्याकडं वळून उगाचच एक आकृती पुसली आणि पुन्हा काढली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी देवकन्या शाळेला निघाली ती शेतांकडं वळली नाही. पाळीवर चढली. खाली सायत्रा एकटीच डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होती. गार पाणी, काटे टोचून बोटं सुजलेली. वर्षभरात आईनं तिला एकदाही मदतीला ये म्हटलं नव्हतं. सायत्रानं वर पाहिलं आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

देवकन्या उतरली. काठाशी उभी राहिली. तिला वाटलं होतं, पाणी काहीतरी बोलेल, किंवा ओढेल. पाणी नुसतं होतं. निळं-करडं, लांबच लांब, आणि त्यात तिचाच चेहरा हलत होता. तिनं एक पाय टाकला, दुसरा टाकला, घोट्याइतक्या पाण्यात गेली आणि आईनं काठाला आणलेला डोंगा दोन्ही हातांनी धरला.

"आण, टोपली मी घेतो," ती म्हणाली. तिकडं मुलीही असंच बोलतात.

सायत्रानं टोपली दिली. मग थंडीनं बधिर झालेला आपला हात लेकीच्या गालावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवशी देवकन्या शाळेत उशिरा पोचली. फ्रॉकचा घेर ओला, अंगाला चिखलाचा वास. मॅडमनी हजेरी मांडली आणि खिडकी सताड उघडली.

मंडळी, त्या वर्षी पहिला नंबर कुणाचा आला, मला ठाऊक नाही. तो कलेक्टर होणारा मुलगा गणितात काठावर सुटला म्हणतात. पण एका मुलीला तिचा तलाव परत मिळाला. संकल्प मोठा होतो तो त्याच्या मागच्या भीतीनं. ज्याला भ्यावं लागलं, त्यालाच त्या संकल्पाची उंची कळते. बाहेरून मोजाल तर चुकाल.

म्हणून लेकरांना टक्के विचारण्याआधी, तू कुठल्या वाटेनं जायचं टाळतोस, ते विचारा. आणि स्वतःलाही विचारा! कुणी भावाचं घर टाळून मागच्या गल्लीनं जातं. कुणी बापाची खोली वर्षभर उघडलेली नाही. कुणी देवळात रोज येतं, पण डोळे वर करून मूर्तीकडं बघायचं धाडस होत नाही. आहे ना प्रत्येकाचं काही?

उद्या सकाळी एकदा तिकडं तोंड करून उभे राहा. पाऊल नाही टाकलंत तरी चालेल. नुसतं बघा. आपण बघायला लागलो की तो हरी शेजारी येऊन उभा राहतो, आणि तोही त्याच दिशेनं बघत असतो.