माहीत न्हाई म्हणणारं मशीन

शिवलिंगनं मला फसवलं. लातूरचा माझा भागीदार, विष्णुपुरीला एका खोलीत राहून शिकलेलो आम्ही. त्यानं माझा प्रोग्राम माझ्या माघारी बदलला आन् स्वतःच्या नावानं विकायला काढला. हे आधी लिहून घ्या, बाकीचं मग.

मी हिमायतनगरकडचा. बाप बैलबाजारात दलाल. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव चालायचा, मी बाजूला बसून बघायचो, म्हणजे बघायला काय, नुसता रुमालच हलायचा, पण घरी येताना बाप सगळं उलगडून सांगायचा. म्हणायचा, घेणाऱ्याच्या मनात एक भाव कधी नसतोय रे, इथून तिथपर्यंत असतोय, देणाऱ्याचंबी तसंच. दोन्ही कुठं जुळले तर सौदा, न्हाई जुळले तर उठायचं. आन् ज्यानं अजून रुमालात हातच घातला न्हाई त्याच्या मनात काहीबी असंल, त्याला नसल्यात जमा धरू नको.

काय सांगू तुम्हाला, कॉम्प्युटर मी ह्याच डोक्यानं शिकलो. अर्धापूरकडं केळी पिकवायच्या थंड खोल्या हायत, तिथं कोपऱ्याकोपऱ्यात तापमान मोजणारे सेन्सर. सेन्सरबी एक आकडा छातीठोक सांगत न्हाई, चूकभूल धरून सोळा ते सतरा, असं सांगतंय. सगळ्यांचं मिळून खोलीचं तापमान कुठून कुठपर्यंत हे मशीन काढतंय. पण एखादी वायर उंदरानं खाल्ली तर? तिथं माझा प्रोग्राम काहीबी असू शकतंय असं धरायचा आन् पडद्यावर लाल अक्षरात लिहायचा, माहीत न्हाई, आत जाऊन बघा. आन् एकाच क्रेटातले दोन सेन्सर, एक सोळा-सतरा म्हणतोय, दुसरा वीस-एकवीस, कुठं मेळच न्हाई, तर लिहायचा, दोघांतलं एक तरी खोटं हाय. कळलं न्हाई हे वेगळं आन् जुळतच न्हाई हे वेगळं. ह्या फरकापायी मी लई डोकं फोडलं.

शिवलिंग म्हणाला, अरे येड्या, माहीत न्हाई म्हणणारं मशीन घेणार कोण, गिऱ्हाईकाला हिरवं दाखव, हिरवं. मी म्हणलं, तुझ्या बापाच्या दुकानात हिरवं दाखव, माझ्या प्रोग्रामाला हात लावलास तर बघ. लावलाच की! प्रोग्रामात घालून ठेवलं, ज्या सेन्सरचं काही येत न्हाई तो सोडून द्या, उरलेल्यांवर खोली ठरवा. म्हणजे वायर तुटली की खोली उलट जास्तच भरवशाची दिसणार.

मग सुलोचनाअक्का भेटल्या. मोठ्या बागायतदार, स्वतःच्या खोल्या. शिवलिंगचंबी मशीन त्यांच्याकडं आलेलं, माझंबी. आम्हा दोघांनाबी बोलावलं, दोन्ही एकाच दारावर टांगा, म्हणाल्या. मी म्हणलं, अक्का, मागच्या कोपऱ्यातला पंखा बंद करा आन् तिथलीच वायर काढा, दोघांच्या मशीनची. शिवलिंग हसला, म्हणाला, याला भांडायलाच लागतंय. अक्कांनी स्वतः पंखा बंद करून वायरी उपटल्या, आम्हाला रातच्याला मुक्कामाला ठेवून जेवू घातलं, वाढूनबी आग्रहानं.

सकाळी परत दारावर आलो तर त्याचं हिरवंगार, सगळं ठीक. माझं लाल. अक्का आत गेल्या, मागच्या घडात हात घातला आन् तसाच मागं घेतला, पिकतं केळं वारं न्हाई तर आपसूक तापतंय, ते आतून तापून राहिलेलं. बाहेर येऊन त्याला म्हणाल्या, शिवलिंगराव, मुका साक्षीदार परवडला, न बघता साक्ष देणारा न्हाई. सगळ्या खोल्यांचं काम मला दिलं. मीबी भावात एक बोट मागं सरलो न्हाई. आज त्या सगळ्या दारांवर माझं लाल लिहिणारं मशीन हाय, आन् नाव माझं हाय.

पण त्याची हिरवी मशीनं अजून कुणाकुणाच्या दारावर हायत? मी फोन करून विचारलं, तर म्हणतोय, तू जिंकलास ना, आता कशाला उकरतोस. असं कसं! आत माल उकडून राहिलाय आन् मालक बाहेर हिरवं बघून झोपून राहिलाय. शिवलिंग, तू हे वाचणारच. एकेकाच्या दारात जा, तुझ्या तोंडानं सांग काय बदललंस ते. आन् उद्या कुणाच्या केळीचा लगदा झाला तर जबाब कोण देणार? बोल.