डिझेलचा वास येणारा ओंडका

लेक : बाबा, नीट आठवा. इथेच होता तो ओंडका, या जनरेटरच्या मागे. ओला, बुरशी आलेला.

बाबा : आल्या आल्या माझं गॅरेज का उलटंपालटं करतेयस? झालंय काय?

लेक : प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर शनिवारी बंद पडला, कळलं सोमवारी. सगळ्या नळ्या गेल्या. माझी बुरशी मेली, बाबा.

बाबा : सगळी? दुसरीकडे थोडी ठेवली नव्हतीस?

लेक : ठेवणारच होते. उद्या, उद्या करत राहिले. चार वर्षं घातलीत मी त्यात! लाकडाच्या भुशावर वाढते आणि डिझेलसारखी वाफ सोडते. नंतर पन्नास ओंडके हुंगले, एकालाही तो वास नाही.

बाबा : त्या वासापायी मी हा जनरेटर तीनदा खोलला होता. गळती शोधत बसलो येड्यासारखा.

लेक : माहितीय हो. ओंडका कुठंय?

बाबा : जाळला.

लेक : काय?

बाबा : गेल्या थंडीत, शेगडीत. तूच म्हणालीस ना, नळ्यांत भरून नेली, आता काम झालं?

लेक : म्हणाले होते. संपलं मग.

बाबा : ए, रडू नकोस गं. शिव्या घाल मला, पण रडू नकोस.

आई : चहा घ्या आधी. आणि अहो, अर्धाच जाळलात तुम्ही. उरलेला मी उचलला.

लेक : अर्धा आहे? कुठे?

आई : वर, माझ्या खोलीत. काचेच्या बरणीत ठेवलाय, रोज पाणी शिंपडते. जिवंत आहे की मेलाय, ते मला नाही कळत बाई. थांब, आणते.

(आई बरणी आणून टेबलावर ठेवते.)

लेक : बाबा, तुम्ही उघडा. माझी हिंमत होत नाही.

बाबा : थांब, साबणाने हात धुतो. माझ्याच हाताला डिझेलचा वास, उगाच फसगत व्हायची.

आई : धुतलेत ना? उघडा आता, पोरीचा जीव टांगणीला लावू नका.

बाबा : अरे बापरे! घे, हुंग, हुंग! टाकीचं झाकण उघडल्यासारखा भपकारा आला!

लेक : आहे! आई, आहे गं! हुश्श!

बाबा : बस त्या स्टुलावर. आणि आधी याचे दोन भाग कर. एक इथेच राहू दे, मी जाळणार नाही.

लेक : तीन करते. पण आई, तू का ठेवलास हा?

आई : हा सापडला त्या दिवशी तू केवढ्याने ओरडली होतीस! इतकं खूश तुला मी कधी पाहिलंच नव्हतं. जाळवेना मला.

लेक : पण या वासाने तुझं डोकं उठायचं ना?

आई : उठतं की. खिडकी उघडी ठेवून झोपते.